शाईची रेघ

परवा केसांसाठी रिठे उकळायला ठेवले आणि त्या वासासरशी मला मामाचा खडा आठवला. मामा सुरतेला खडे घासायच्या कारखान्यात होता. त्याने आईसाठी बोटाच्या पेराएवढा निळसर ॲक्वामरीनचा कच्चा खडा आणला आणि पुढच्या खेपेला स्वतः कापून देतो म्हणाला; पण ती खेप आलीच नाही, तो तिकडेच वारला. पुढे माझ्या लग्नात आईने त्या खड्याची अंगठी करायचं ठरवलं. सराफाकडे न्यायचा म्हणून मी तो आदल्या दिवशी, दागिने घासतात तसा, रिठ्याच्या कोमट पाण्यात ब्रशने खसाखसा घासला. जळगावच्या सराफ बाजारातल्या म्हाताऱ्या कारागिराने तो उजेडाला धरला. "गोल कापला तर चमकेल, पण निळाई जाईल. लांबट, पायऱ्यापायऱ्यांचा काप द्या, रंग त्यात टिकतो. अक्का, तुमचा भाऊ याच कामातला होता म्हणता, मग त्याने कुठून कापायचा याची खूण केली असेल ना?" "शे ना, शाईनी रेघ शे," म्हणत आईने खडा हातात घेतला आणि उलटसुलट करून शोधू लागली. "ते डाग होते ना? मी धुतले," मी म्हटलं. आई रागावली नाही. "मन्हा भाऊनी रेघ व्हती ती, माय," एवढंच बोलली. नवी आखून देतो, असं कारागीर म्हणेपर्यंत तिने खडा रुमालात बांधलाही होता. आता आईही नाही. खडा अजून कच्चाच आहे, आणि त्याच्याइतकी स्वच्छ वस्तू माझ्या घरात दुसरी नाही.