कोरडं बी आणि ओला कागद

शंभर दाण्यांपैकी एक्केचाळीसच उगवले होते. पास व्हायला सत्तर लागतात.

मी लातूरच्या एका बीजपरीक्षण लॅबमध्ये ॲनालिस्ट आहे. पेरणीसाठी विकायच्या बियाण्याची उगवण आम्ही तपासतो. दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे, आठव्या दिवशी मोजायचे. हे सोयाबीन चाकूरकडच्या एका महिला गटाचं होतं. त्यांचं पहिलंच बियाणं. नापास झालं तर सगळं तेलाच्या गिरणीत जाणार होतं.

गटाच्या अध्यक्ष अनुसयाबाई चौकशीला आल्या. आकडा ऐकून खुर्चीच्या कडेवरच टेकल्या.

“असं कसं म्याडम? आमी घरी गोणपाटावर घातलं, तर शंभरातले ऐंशी आले. चार पोरी मोजायला व्हत्या.”

“नीट वाळवलं होतं ना?”

“लई वाळवलं. गावातले गडी म्हणून राहिले, बायकांचं बी बुरसंल. म्हणलं, दाखवतेच!”

मीटरवर पाहिलं. दाण्यात ओलावा फक्त सात टक्के. बारापर्यंत चालतो.

“घरी गोणपाटावर घालायच्या आधी बी कुठं ठेवलं होतं?”

“रांजणापाशी, उघड्या टोपल्यात. दोन-तीन दिवस. सासूबाईची रीत हाय. तपासायचं बी गार जाग्यालाच ठेवायचं.”

मी पेन खाली ठेवलं.

माझे पती नांदेडला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. यंदा माघात ते गेले. समतोल हा त्यांचा आवडता धडा. जेवताना त्यांना तो सगळीकडे दिसायचा: टोमॅटोच्या भावात, अंगातल्या तापात, शेजारच्या दोन भावांच्या भांडणात. म्हणायचे, “समतोलात काही थांबत नाही गं. जेवढं जातं तेवढंच येत राहतं, इतकंच. आणि तिथवर पोचायला वेळ लागतो.”

बियाण्याचं तसंच आहे. दाणा हवेला ओलावा देतो, हवेकडून घेतो. लातूरच्या उन्हाळ्यात तो देतच सुटतो. असा कोरडा ठणठणीत दाणा एकदम ओल्या कागदात घातला, की पाणी झपाट्याने आत शिरतं आणि आतून तो फाटतो. रांजणापाशी त्याला हळूहळू ओल मिळाली होती. आम्ही ती दिली नव्हती.

मी लॅबच्या मुख्य साहेबांकडे गेले.

“मॅडम, नापास म्हणजे नापास. रिपोर्ट पाठवून टाका.”

“सर, अति कोरड्या बियाण्याला आधी दमट हवेत ठेवायची सोय पद्धतीच्या पुस्तकातच आहे. आपल्याकडे येणारं बी बहुतेक ओलसर असतं, म्हणून ते पान कुणी उघडत नाही.”

त्यांनी पान वाचलं. परत वाचलं. “बरं. एकदाच.”

डब्याच्या तळाशी पाणी, वर जाळी, जाळीवर दाणे, झाकण बंद. दोन दिवसांनी ओलावा बारावर आला. मग कागद. आठव्या दिवशी मोजले, अठ्ठ्याहत्तर. मी पुन्हा मोजले.

फोनवर अनुसयाबाईंनी आकडा दोनदा वदवून घेतला. मग म्हणाल्या, “सासूबाईला सांगते. आता तिचा तोरा काय इचारू नका.”

आता आमच्या लॅबमध्ये आधी ओलावा पाहतात, मग कागद भिजवतात. मी स्वतः मात्र दिवसकार्य आटोपल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्या कोरड्या दाण्यासारखीच, एकदम पूर्ण वेळ कामावर रुजू झाले होते. हल्ली सकाळी पतींची टिपणवही उघडून थोडा वेळ बसते, आणि मग निघते.