गैबीसाबचा न मोडणारा रोजा

रमजानात भर दुपारी गैबीसाब नदाफ माझ्या हॉटेलात येतो, मिरचीची भजी खातो, वर भाकरी आणि शेंगाचटणी हाणतो, आणि तरी त्याचा रोजा मोडत नाही. हे मी म्हणत नाही, तोच म्हणतो. त्यांच्यात तसा नियमच आहे. रोजा आहे हे विसरून कुणी खाल्लं-प्यालं तर रोजा जात नाही, फक्त आठवल्याबरोबर थांबायचं. साध्या माणसाला हा नियम एखाद्या वर्षी उपयोगी पडत असेल. गैबीसाबला तो रोज लागतो, कारण त्याच्या डोक्याला मार लागलेला आहे. आणि त्याने रोज वेळेवर विसरावं याची चोख व्यवस्था ठेवणारा माणूस म्हणजे मी, कुंडलिक, मूळचा करकंबचा, धंदा चहा-नाष्ट्याचा.

विजापूर वेशीजवळच्या गल्लीत त्याचं गादीचं दुकान आणि माझं हॉटेल यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही वरून उघडी. तो कापूस पिंजायला लागला की माझ्या चहात तंतू उतरतात आणि माझी मिरची तळायला पडली की तो तिकडे ठसकतो. यावरून आम्ही उभ्या जन्मात जेवढं भांडलो तेवढं मी बायकोशीही भांडलेलो नाही. दोन वर्षांमागे तो लग्नाच्या गाद्या घेऊन दुधनीला निघाला. टेम्पोत जागा असताना गडी वर थप्पीवर जाऊन ऐटीत बसला आणि एका वळणावर खाली आला. जन्मभर लोकांच्या पाठीखाली कापूस घातला, आणि स्वतः पडला तो नेमका डांबरावर.

पंधरवडाभर बेशुद्ध होता. उठला तेव्हा जुनं सगळं जागच्या जागी होतं. लहानपणी ज्यांचा मार खाल्ला त्या मास्तरांची नावं, लग्नातल्या बिर्याणीत मीठ जास्त झालं होतं ते, मी कधीकाळी त्याच्याकडून नेलेली आणि परत न केलेली उशी, काही म्हणून हललं नव्हतं. नवीन मात्र टिकत नाही. सकाळी सांगितलेलं दुपारी नाही, दुपारचं रात्री नाही. आपण विसरतो हे त्याला ठाऊक असतं; का विसरतो, तेवढं तो विसरतो. विचारलं तर म्हणतो, वय झालं.

त्यावर त्याने स्वतःच्या युक्त्या काढल्या आहेत. एका गादीत त्याने दोनदा कापूस भरला होता. नवं जोडपं होतं बिचारं. गादीला मध्येच असा उंचवटा आला की नवरा एका बाजूने घरंगळायचा आणि बायको दुसऱ्या, आणि तक्रार घेऊन आली मुलीची आई. तेव्हापासून गैबीसाब कापूस भरायला बसला की डाव्या पायातली चप्पल काढून गादीवर ठेवतो. काम पुरं झालं की मगच घालतो. त्यामुळे तो एका चपलेवर बाजारात फिरताना दिसला की गल्लीने समजायचं, कुणाची तरी गादी अर्धी भरून पडलेली आहे.

त्याची बायको शमशादभाभी. ती त्याला संध्याकाळचा दुसरा चहा देत नाही. मागितला की म्हणते, "आत्ताच पिलात की." तो कपाळाला हात लावतो. कधीकधी तो खरोखर प्यायलेला असतो, कधी नसतो. मी एकदा तिला म्हटलं, भाभी, हे काय बरं न्हाई. ती म्हणाली, "कुंडलिकभाऊ, सत्तावीस वर्सं ह्यांनी मला 'उद्या आणतो' म्हणून फसवलंय. आता माजी पाळी."

पण रमजान आला की तिची थट्टा बंद पडते. गैबीसाबला फिटच्या गोळ्या आहेत, दिवसातून तीनदा, भरल्या पोटी. मागच्या वर्षी त्या पहाटेच्या सेहरीला आणि सूर्यास्ताच्या इफ्तारीला बसवून पाहिल्या, तर दुपारीच फिट आली आणि तो दुकानात आपटला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा डोक्याला लागलं तर मी काही करू शकणार नाही. मौलाना घरी येऊन सांगून गेले की आजाऱ्याला रोजा माफ आहे, त्याच्या नावाने रोज एका गरिबाला जेवू घाला. ते जेवण अजून रोज जातं. गैबीसाबने दोघांपुढे मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आपणहून उठून सेहरीला बसला. रोजे त्याला पोरवयापासून अंगवळणी पडलेले. माफी मात्र कालची.

मग शमशादभाभीने त्याला रोज सांगायला सुरुवात केली. तुम्ही पडला होता, डोक्याला लागलंय, तुम्हाला रोजा नाही. रोज तो पहिल्यांदाच ऐकायचा. रोज त्याचा चेहरा उतरायचा, रोज टोपीखाली हात घालून तो जखमेची खाच चाचपायचा, आणि रोज विचारायचा, "मग आता मी बरा व्हनार न्हाई का?" भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. मी माझा झारा कढईवर मुद्दाम आपटत राहायचो. खरं सांगतो, तेवढं एक वाक्य मला सोसत नव्हतं.

म्हणून या वर्षी तिने बेत बदलला. सांगायचंच नाही. दुपारी दोनच्या सुमाराला ती त्याला काहीतरी निमित्त काढून माझ्याकडे पाठवते, ओवा आणा, नाहीतर चिमटा परत द्या. रमजानात मी हॉटेलापुढे हिरवा पडदा लावतो, खाणाऱ्याला आणि न खाणाऱ्याला दोघांनाही बरं पडतं. गैबीसाब पडद्याआड आला की मी म्हणायचं, "गैबी, तुझी ती उशी मी कवाच परत केली होती." झालं! तो तावातावाने बाकावर बसतो आणि उशीचा रंग, खोळ, साल, सगळं सांगायला लागतो. तेवढ्यात मी गरम भजी पुढे सारतो. भांडणाऱ्या माणसाचा हात आपोआप ताटात जातो, हा माझा हॉटेलातला अनुभव आहे. भाकरी होते, मग मी बशीतली गोळी पुढे करतो, पित्ताची म्हणून. ती गिळून, पाणी पिऊन, तोंड पुसताना त्याला हिरवा पडदा दिसतो.

"आयला! कुंडलिक, रमजान हाय की!"

"अरे देवा," मी म्हणतो.

मग तो खुशीत येऊन मला नियम समजावतो. "घाबरू नकोस. भूलके खाया तो रोजा नै टूटता. अल्लाने खाऊ घातलं, असं समजायचं." मी तोंडाचा आ करतो. रोज करतो. असला भारी नियम मी जन्मात ऐकला नव्हता, असं रोज म्हणतो. तो समाधानाने उठतो आणि इफ्तारीपर्यंत पाण्याच्या थेंबाला शिवत नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण समोर हारूनचं दुकान आहे. अत्तर, टोप्या, जपाच्या तसबी. हारून माणूस वाईट नाही, गैबीसाब दवाखान्यात असताना रक्त द्यायला पहिला तोच पळाला होता. पण रमजानात त्याला स्वतःच्या रोज्यापेक्षा गल्लीच्या रोज्याची काळजी जास्त. माझा पडदा मी गुडघ्यापर्यंतच सोडतो. एके दिवशी त्याला पडद्याखाली दोन पाय दिसले, त्यातल्या एकातच चप्पल. ओळखायला आणखी काय पाहिजे?

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "कुंडलिक, इसरनाऱ्याला माफ हाय. पन जो ध्यानात ठिवून खायला घालतो, त्याला?"

"त्याला भज्याचं तेल परवडत न्हाई," मी म्हणालो.

मी रागाने बोललो ते चुकलंच. सगळं नीट समजावून सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण मला कुणी धर्म शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं, मग तो त्याचा असो की माझा. हारून गेला तो तडक गैबीसाबकडे, आणि म्हणाला, कुंडलिक तुला रोज फसवून रोज्यात खायला घालतो.

गैबीसाबने लगेच दाभण काढली. गादीच्या खोळीचा लाल पट्टा कापून त्याने सदऱ्याच्या उजव्या बाहीला, अगदी मनगटापाशी, शिवून टाकला. हात तोंडाकडे गेला की लाल दिसावं आणि रोजा आठवावा. युक्ती नामी होती, चपलेच्या वरची. दुसऱ्या दिवशी उशीचं भांडण रंगात आलं, भजं उचललं, पट्टा दिसला, भजं खाली. शमशादभाभीने रात्री पट्टा उसवला; सकाळी नमाजला जाताना हारूनने पुन्हा सांगितलं, गैबीसाबने पुन्हा शिवला. तीन दिवस हेच. दुपारची गोळी तीन दिवस पोटात गेली नाही.

तिसऱ्या दिवशी पिंजण्याचा आवाज मध्येच थांबला. मी पळत गेलो. गैबीसाब कापसावर बसला होता, दाभण हातात, डोळे एकाच जागी लागलेले, आणि तो हात आपोआप उडत होता. मी दाभण काढून घेतली आणि त्याला घट्ट धरून बसलो. लवकर थांबलं ते.

तो सावध झाला तसा शमशादभाभीने त्याला माझ्या बाकावर आणून बसवलं. मग पडदा बाजूला सारून भर गल्लीत हाक मारली, "हारूनभाई, हितं या!"

हारून आला. ती म्हणाली, "तुमी ह्यांना अर्धं सांगितलंय. उरलेलं पन सांगा. मी सांगनार न्हाई. मागल्या रमजानात रोज सांगितलंय मी. तुमी एकदा सांगून बगा."

हारूनने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. सुरुवात त्याने नेहमीच्या ठसक्यात केली. "गैबी, तुला रोजा माफ हाय."

"का? मला काय झालंय?"

"तू पडला होतास. टेम्पोवरनं."

"कवा?"

"दोन वर्सं झाली." हारूनचा आवाज खाली आला. "डोक्याला लागलंय तुज्या. गोळ्या हायत. न्हाई घेतल्या तर... आत्ता आली तशी फिट येती."

गैबीसाबचा हात टोपीखाली गेला. खाच सापडली. तिथेच बोट ठेवून त्याने विचारलं, "मग आता मी बरा व्हनार न्हाई का?"

हारून चष्मा काढून पुसायला लागला आणि पुसतच राहिला. गैबीसाब बायकोकडे वळला. "दोन वर्सं? तुला लई तरास देतो का मी?"

"लग्नापासनं देताय," ती म्हणाली. "दोन वर्सांचं काय घिऊन बसलाय?"

तो हसला. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत राहिला. "हे उद्या आठवंल मला?"

"न्हाई."

"मग उद्या कुनी सांगू नका. हारून, तू पन न्हाई." त्याने मनगट तोंडाशी नेलं आणि दातांनी टाका तोडून लाल पट्टा ओढून काढला. "कुंडलिक, भजी गरम दे. आज मी इसरून खात न्हाई. समजून खातो."

त्याने सावकाश खाल्लं, गोळी घेतली, पाणी प्यायला. त्या दिवशी उशीचा विषय काढायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता स्वारी हजर. चिमटा परत द्यायला. बाहीला तुटके दोरे लोंबत होते, त्याचं त्याला काही नव्हतं. उशी झाली, भजी झाली, भाकरी अर्ध्यावर आली. पडद्याच्या फटीतून त्याला समोर हारून दिसला, गालाला हात लावून बसलेला.

"हारून असा का बसलाय रे? उपाशी दिसतोय. एक प्लेट दे त्याला माज्याकडनं."

"अरे, त्याचा रोजा हाय की!" मी म्हणालो, आणि जीभ चावली.

गैबीसाबचा हात ताटातच थांबला. "रोजा? म्हंजे मग... आपला पन?" त्याने ताट हळूच बाजूला सारलं. गोळी अजून बशीतच होती. एवढे दिवस दुसऱ्यांना नावं ठेवली आणि शेवटी घोळ घातला तो मीच.

तेवढ्यात पडदा हलला आणि हारून आत आला. त्याने बशीतली गोळी उचलली, दुसऱ्या हाताने पाण्याचा ग्लास घेतला आणि दोन्ही गैबीसाबच्या पुढे धरलं.

"अरे हारून, असं काय करतोस?" गैबीसाब त्याला समजावणीच्या सुरात म्हणाला. "इसरून खाल्लं तर चालतंय. पन मला आता आठवलं की! आठवल्यावर न्हाई चालत."

गल्लीतल्या सगळ्या पोरांना हा नियम हारूनने शिकवलेला आहे. त्याने पडदा नीट ओढून घेतला, अगदी खालपर्यंत.

"अजून कुटं पुरतं आठवलंय तुला?" तो म्हणाला. "गोळी घे. पानी पी. मग सावकाश आठव."