रत्नाची ओळ

हळद लागायची म्हणजे आधी वत्सला आणि रत्ना मांडवात यायला हव्यात, हे खर्डीच्या आसपास सगळे धरूनच चालत. दोघी जावा, दोघी लग्नात धवला गाणाऱ्या धवलारणी. वत्सलाने बारीक, उंच आवाजात ओळ टाकून विचारायचं आणि रत्नाने जाड आवाजात उत्तर द्यायचं. उत्तर आलं की मगच हळदीचं बोट नवरीच्या गालाला लागायचं.

चैत्रात तापाचं निमित्त झालं आणि रत्ना गेली. वत्सला रडली नाही. मागाहून रडेल, असं लोक म्हणाले. तीही वाट बघत राहिली. हळदीचं बोलावणं आलं की म्हणायची, "एकटीचा धवला होत नाय."

रत्नाचा मुलगा स्वरूप शहापुरात रॉक बँडमध्ये गायचा. "गातो कसला, बैल हाकतो," असं रत्ना म्हणायची. एक दिवस तो आला.

"काकी, एक गाणं करू. तू नि मी. परदेशात ऑपेरा गाणाऱ्या बायका असतात, त्यांचा आवाज तुझ्यासारखाच वर जातो. खाली मी ओरडतो."

"तू ओरडतोस ते म्हाईत हाय."

ती त्याच्यासोबत गेली. नाही म्हणायलासुद्धा काहीतरी वाटावं लागतं.

स्टुडिओत हेडफोन घालून तिने ओळ म्हटली, 'हलद कुनाच्या शेतान पिकली गो', आणि गप्प उभी राहिली. रत्नाच्या ओळीला लागायचा तेवढा वेळ. मग पुढची ओळ.

"मावशी, मधे थांबू नका," काचेपलीकडचा माणूस म्हणाला.

"थांबले नाय. तिला म्हनू दे."

स्वरूपने त्याला हाताने खूण केली, असू दे.

बाहेर चहा घेताना त्याने विचारलं, "आई तिथं काय म्हणायची?"

आई गात असताना तो कधी मांडवात थांबलाच नव्हता. वत्सलाने कप खाली ठेवला. "तिचं तिच्यापाशी."

मग त्याने स्वतःची ओळ केली. गाणं मोबाइलवर आलं तेव्हा रत्नाच्या जागी स्वरूपची आरोळी होती, 'माझ्या आईच्या शेतान'. वत्सलाने ऐकलं आणि ती तांदूळ निवडत राहिली.

धसईला भाचीची, नम्रताची हळद होती. स्पीकरवर तेच गाणं लागलं. नम्रताची आजी धोंडूबाई वैतागली.

"बंद करा तो डबा. डब्याच्या तोंडानं हलद लागते काय? वत्सले, म्हन गो."

नम्रता पाटावर बसून होती. वत्सलाने ओळ टाकली आणि थांबली. हळदीने भरलेली बोटं गालाजवळ थांबली. मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या स्वरूपने मान खाली घातली.

तेवढ्यात मागच्या पोरी एका आवाजात म्हणाल्या, 'माझ्या आईच्या शेतान'. मोबाइलवर ऐकून त्यांना पाठच झालं होतं.

हळद लागली. कुणीतरी हसलं. धोंडूबाईने समाधानाने मान हलवली.

रत्नाची ओळ आता एकट्या वत्सलाला येत होती. ती तिने तोंडात धरून ठेवली. सगळे तिच्याकडे बघत होते, दुसरा गाल अजून कोरडा होता. तिने पुढची ओळ टाकली.