मी गाडी बघायला जात होते

मुलांनो, परवा फोनवर धाकटीने मला विचारलं, "आजी, तू रोज स्टेशनवर बसून बाबाची वाट बघायचीस ना?" तिच्या आवाजात फार माया होती. तिकडे थंडी पडली का, असं काहीतरी विचारून मी फोन ठेवला. तेव्हापासून मी चिडलेली आहे. म्हणून हे लिहिते. नीट वाचा आणि बाबालाही वाचून दाखवा, कारण ही गोष्ट त्यानेच तुम्हाला सांगितली आहे आणि ती खोटी आहे.

मी कुणाची वाट बघत नव्हते. मी गाडी बघत होते.

कमलनगरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते. शाळा सुटली की स्टेशनवर जायचं, फलाटाचं तिकीट काढायचं, कडुनिंबाखालच्या बाकावर वर्तमानपत्र अंथरून बसायचं, असा माझा नेम होता. तिकीट मला कुणी कधी विचारलं नाही. स्टेशनमास्तर म्हणायचे, "बाई, तुमाला टिकिट कामून लागतंय?" पण मी काढत असे. मी तिथे कुणाच्या मेहरबानीवर बसलेली नव्हते.

आमच्याकडे रूळ एकच. समोरासमोर गाड्या येऊ नयेत यासाठी पुढे जायची परवानगी म्हणून ड्रायव्हरला एक लोखंडी गोळा द्यावा लागे. गोळा चामड्याच्या पिशवीत आणि पिशवी वेताच्या मोठ्या कडीला. न थांबणारी गाडी असली की रेल्वेचा माणूस ती कडी उंच धरून फलाटाच्या टोकाला उभा राही. इंजिन धडधडत येई, आतला माणूस कमरेपर्यंत बाहेर वाकून जुनी कडी फलाटावर फेकी आणि नव्या कडीत हात घाली. फेकलेली कडी उड्या मारत घरंगळत जाई. ती कुठे थांबते ते मी बघत राही. परळीच्या वीजकेंद्राला कोळसा नेणारी मालगाडी गेली की चपलेखालची जमीन हलायची. तीच रिकामी परतताना नुसता पत्र्याचा खडखडाट व्हायचा. डोळे मिटूनही मला कळायचं, भरलेली की रिकामी. दिवसभर मुलांची क्रियापदं सुधारून आल्यावर मला हे हवं असे. कुणाला त्याचा त्रास नव्हता. तुमचे आजोबा आडतीवरून घरी येत, भाकरी खात आणि म्हणत, "गाडीत काय बघायचं? कालच्यासारखीच असंल की." मी म्हणे, "तुमची तूरही कालच्यासारखीच असते." मग ते हसत आणि आडवे होत.

हे सगळं तुमचा बाबा शाळेत होता तेव्हापासून चालू होतं. हे लक्षात ठेवा.

मग तो पुण्याला गेला आणि पुण्याहून अमेरिकेला. माझ्यात काहीच बदललं नाही. बाक तोच होता, वेळ तीच होती. बदलली ती लोकांची जीभ. आमच्याकडे बाई माणूस स्टेशनवर दोनच कामांना जातं, कुणाला सोडायला नाहीतर कुणाला आणायला. तिसरं काम त्यांना ठाऊकच नाही. त्या वर्षांत गावंच्या गावं बोचकी बांधून पुण्या-हैदराबादेला बांधकामावर चालली होती. फलाट त्यांनी भरलेला असे. एकदा एक धनगराची बाई माझ्या शेजारी टेकली आणि म्हणाली,

"कुठं जायलाव, अक्का?"

"कुठं न्हाई. गाडी बघायला आले."

"गाडी काय बघायची? आत आपलं माणूस असलं तर बघावं." मग तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "लेक हाय का दूर?"

"आहे. अमेरिकेत."

"व्हय का माय!" म्हणून तिने माझा हात घट्ट धरला. तिचं स्वतःचं बिऱ्हाड समोर बोचक्यात होतं आणि ती माझी कीव करत होती. तिच्यावर मला रागावता आलं नाही. पण शेजारणीने हीच गोष्ट गावभर केली, तिच्यावर मी रागावले. लेक गेल्यापासून बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, रोज वाट बघत बसायल्यात. अमेरिकेहून कमलनगरला पॅसेंजर येत नाही, एवढा साधा विचार या शहाण्यांपैकी एकालाही सुचला नाही! मी नाही म्हटलं की ते आणखी हळू आवाजात बोलत. माझं प्रत्येक "नाही" त्यांना हुंदक्यासारखं ऐकू येई.

कुणीतरी बाबाला कळवलं. तो रजा काढून आला. घरात पाऊल टाकताच त्याने माझे पाय धरले आणि रडायला लागला.

"आई, तू तिथं जाऊन बसायचं नाही. मला तिकडं झोप लागत नाही."

"अरे, तू नववीत असताना मी कुठे बसायची?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी होती? कोळसा तोच होता."

त्याने तुमच्या आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी जमिनीकडे पाहिलं. माझा नवरा, ज्याला सगळं माहीत होतं, तो म्हणाला, "लेकराच्या जिवाला घोर नको. बंद कर थोडे दिवस." आणि दोघांनी मिळून ठरवलं की मला गाणगापूरला न्यावं.

मुलांनो, गाणगापूरला लोक दत्ताच्या दर्शनाला जातात. पण आमच्या भागात बाईला गाणगापूरला "नेतात" म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नाही. अंगात काही शिरलं, मन ठिकाणावर नाही, अशांना नेतात. आमच्या घरात दत्ताचं कुणी काही करत नव्हतं. मुलगा परत गेल्यावर धाकट्या जावेबरोबर त्यांनी माझी रवानगी केली. जाताना शेजारीण माझ्या कपाळाला कुंकू लावून म्हणाली, "बऱ्या होऊन या, बाई." मी तिच्या अंगणात थुंकायची तेवढी राहिले.

दर्शन झालं. पुजाऱ्याने अंगारा लावला, मी लावून घेतला. देवाशी माझं भांडण नव्हतं. परतताना जीपने आम्ही गाणगापूर रोड स्टेशनला आलो. ती मुंबई-मद्रासची मोठी लाइन. गुलबर्ग्याची पॅसेंजर उशिरा होती आणि हमालाने सांगितलं, "आधी सिमेंटची मालगाडी जाणार, अक्का. दोन इंजिनं लावलेली." दोन इंजिनं जोडलेली गाडी मी जन्मात पाहिली नव्हती. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. मी फलाटाच्या कडेच्या बाकावर जाऊन बसले.

शेजारच्या सोलापूरच्या बायकांनी विचारलं, "कुणाला घ्यायला आलात?"

मी तोंड उघडायच्या आत जाऊ म्हणाली, "लेक हाय त्यांचा अमेरिकेला. रोज अशाच बसतेत."

सगळ्या बायका एकदम चुकचुकल्या. एकीने तर पदर डोळ्याला लावला. मी उठले. मी त्यांच्याकडे तोंड करून, रुळांकडे पाठ करून, वर्गात बोलते त्या आवाजात बोलले. मी काय बघायला बसते, कधीपासून बसते, माझा मुलगा सुखात आहे आणि मीही सुखात होते, तुम्ही सगळ्यांनी मला दुःखी करायचा चंग बांधेपर्यंत. माझा आवाज मलाच ऐकू येईना इतका खडखडाट झाला, तरी मी थांबले नाही. जाऊ माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

मी वळले तेव्हा शेवटचा डबा सिग्नलपलीकडे गेला होता आणि सिमेंटची धूळ खाली बसत होती.

"व्हय की वं अक्का," जाऊ म्हणाली, "दोन इंजनं होते."