पानिनचा माल

काक्रा मिस्त्रीच्या शेडसमोर गाडी उभी राहिली की तो आधी बॉनेट उघडत नाही. दारावर तळहात टेकतो, डोळे मिटतो आणि सगळ्यांना गप्प करतो. घानातल्या कुमासी शहरातल्या सुआमेत, जिथे हजारो शेडांमधून घण, ग्राइंडर आणि भांडणं एकदमच चालू असतात, तिथे लोकांना गप्प करणं हे काही खायचं काम नाही. पण काक्रा करतो. तोंडच तसं आहे त्याचं.

चौपन्न वर्षांचा, ठेंगणा, रागीट गडी. जुळ्यातला धाकटा, म्हणून काक्रा. पाव तासाने मोठा तो पानिन. पानिन एकोणीस वर्षांपूर्वी जर्मनीत हॅम्बुर्गला गेला आणि जुन्या गाड्या खोलायच्या यार्डात लागला. दोघांनी एकाच वस्तादाचा मार खाल्लेला. पण खरं सांगायचं तर कान पानिनचा. काक्राला थरथर हाताने कळायची, पानिन रस्त्यापलीकडून नुसता आवाज ऐकून सांगायचा. तो गेला आणि काक्राचं निम्मं डोकंच गेलं. हे तो मेला तरी कबूल करणार नाही. पण अजूनही इंजिन सुरू केलं की त्याची मान आपोआप डावीकडे वळते, पानिन उभा राहायचा तिथे. तिथे कुणी नसतं. मग दिवसभर तो कुणावर तरी खेकसत राहतो.

आमच्याकडे डब्यातल्या कोऱ्या करकरीत पार्टवर कुणाचा विश्वास नाही. युरोपात कुणीतरी दहा वर्षं वापरलेला पार्ट कंटेनरमधून उतरला की तो आमचा नवा. त्यात पानिनने पाठवलेला असेल तर बोलायलाच नको. दर चार-पाच महिन्यांनी खोकं यायचं, प्रत्येक पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळलेला. काक्रा तो कागद फाडायचा नाही. हळूच उलगडायचा आणि नाकाला लावायचा.

"लग्न लाव एकदाचं त्या कागदाशी!" शेजारचा वेल्डर इद्रिसु ओरडायचा.

"तू तुझी टाकी जोड. गळतेय," काक्रा म्हणायचा.

तिवामावशीची मिनीबस त्या खोक्यातल्याच मालावर उभी होती. मावशी टेचिमानच्या बाजारातून बायका आणि सुरणाचे ढीग आणते. इंजिन ज्या तेल भरलेल्या रबरी गाद्यांवर बसतं, त्यांना आम्ही फाउंडेशन म्हणतो. तिच्या गाडीची दोन्ही फाउंडेशनं काक्राने सोमवारी बदलली. मंगळवारी मावशी परत हजर.

"मिस्त्री, काय घातलंस रे यात? सिग्नलला थांबलं की माझे दात वाजतात. बायका विचारतात, मावशी, थंडी वाजते का?"

काक्राने दारावर हात ठेवला. गाडी उभी असताना नुसती हादरत होती. रेस दिली की शांत, सोडली की पुन्हा तेच. सुआमेतलं शेंबडं पोरही सांगेल की घोडं फाउंडेशनपाशी पेंड खातंय. काक्राने मात्र इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून धुतले. बुधवारी पंखा उतरवून पाहिला. गुरुवारी सायलेन्सरची रबरं बदलली, गिअरबॉक्सखाली उताणा पडून दुपार घालवली. हादरा जिथल्या तिथे.

"अरे, फाउंडेशन बघ ना बाबा," इद्रिसु शेवटी म्हणाला.

"ती पानिनने पाठवलीत."

"मग? पानिन काय देव आहे?"

"पानिन अंगठ्याने दाबून बघितल्याशिवाय बोल्टसुद्धा पाठवत नाही. परत बोललास तर पाना घालीन डोक्यात."

इद्रिसुने जॅक ओढत आणला, वर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि उजव्या बाजूने इंजिनखाली लावून दोन दांडे मारले. इंजिनचं वजन ठोकळ्यावर आलं आणि हादरा थांबला. मावशीच्या आरशाला लटकवलेली माळसुद्धा हलेना.

काक्रा बराच वेळ त्या माळेकडे बघत राहिला. ही परीक्षा त्याने गेल्या तीस वर्षांत हजार वेळा केली असेल. या वेळी तीच तेवढी टाळली होती, आणि का टाळली हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याने उजवं फाउंडेशन खोललं. आतलं तेल केव्हाच गळून गेलेलं. रबराला बोटभर चीर, आणि चिरेत काळं डांबर भरून वरून तुकतुकीत पॉलिश मारलेलं. काक्राने नुसता अंगठा दाबला, तर अंगठा आत गेला.

हे पानिनने पाठवलंच नाही. पानिनच्या हाताखालून हे जाणंच शक्य नाही. मग कुणी पाठवलं? पानिन आजारी आहे? की आहे तरी का? गेल्या दोन वर्षांत नुसते निरोप येत होते. "कामात आहे रे, मग बोलतो." कुणीही लिहील तसले निरोप.

काळ्या हातांनीच त्याने फोन लावला. चार वेळा वाजून बंद झाला. पाचव्यांदा कुणीतरी उचलला.

"हं..." आवाज जड होता, पण पानिनचा होता. काक्रा तिथेच टायरवर बसला.

"दिवसाढवळ्या झोपलास? यार्ड चालू असेल ना आत्ता?"

काक्राने फाउंडेशन मांडीवर घेतलं.

"पानिन, तुझ्या खोक्यातलं फाउंडेशन हातात आहे माझ्या. चिरेत डांबर भरलंय. खरं सांग."

"यार्ड बंद पडलं," पानिन म्हणाला. "तीन वर्षं झाली. रात्री ऑफिसं झाडतो मी, काक्रा. दिवसा झोपतो."

"आणि हे पार्ट?"

"विकत घेतो. एकजण घरपोच देतो. मी नुसते कागदात गुंडाळतो. आताशा बघतही नाही नीट. इंजिनला हात लावला की... नको वाटतं."

"विकत घेतोस? झाडू मारून? कशाला रे, गाढवा?"

"मग काय करू?" पानिनचा आवाज चढला. "सुआमेत लोक म्हणतात ना, पानिनचा माल? तेवढंच उरलंय माझं तिथे. तेही बंद करू?"

काक्राला हुंदका आला, आणि हुंदका आला की तो शिव्या देतो. त्याने दोन दिल्या. मग उठला, फाउंडेशन परत बसवलं, ठोकळा काढला, गाडी सुरू केली आणि फोन बॉनेटखाली धरला.

"ऐक."

"काय ऐकू?"

"गप्प बस आणि ऐक!"

मिनीबस हादरत राहिली. मग पानिन हळूच म्हणाला, "उजवं गेलंय. आणि... तिसऱ्या नोझलची वॉशर नीट बसलेली नाही. हवा मारतेय."

काक्राने खाली वाकून तिसऱ्या नोझलपाशी बोट धरलं. गरम हवा बोटाला लागली. मंगळवारी त्यानेच घाईघाईत बसवली होती ती.

"बंद कर की रे आता, डिझेल जळतंय!" मावशी ओरडली.

"जळू दे! माझा भाऊ ऐकतोय!" काक्रा तिच्यावर खेकसला, आणि फोन तोंडाशी आणून म्हणाला, "परत ये, पानिन."

"कुठल्या तोंडाने? एकोणीस वर्षांनी माणूस उतरतो तेव्हा सगळं घर अक्राच्या विमानतळावर येतं. चार बॅगा बघायला. माझ्याकडे एक आहे, आणि तीही हलकी."

"मला बॅगा नकोत. तू हवास. एकोणीस वर्षं झाली, मी वेड्यासारखा तुझ्या जागेकडे बघतोय. हात दुखतात माझे आता, पानिन. माझ्या एकट्याच्याने नाही होत."

हे तो पहिल्यांदाच बोलला. इद्रिसुने मान खाली घातली. मावशीने अंगावरच्या कापडाच्या टोकाने डोळे टिपले, वर म्हणालीच, "वॉशर बसवता येत नाही, हे तर आम्ही बघितलंच."

काक्राने फोन कानाला दाबला तर पानिनचा नुसता श्वास ऐकू येत होता, मोठा, तुटक. मग पलीकडून आवाज आला, अगदी लहान, लहानपणी मार खाल्ल्यावर यायचा तसा.

"घरी कुणाला सांगू नकोस. न्यायला तू एकटाच ये."