हौसाबाईंची टर्की

हौसाबाई स्वयंपाकाची चव कधीच घेत नसत. वीस माणसांचं जेवण असो की एका साहेबापुरतं आमलेट, पळी तोंडाला लावताना मी त्यांना तीन वर्षांत एकदाही पाहिलं नाही. मीठ घालताना त्या पातेल्याकडे बघत नसत, वाफेकडे बघत. मूठ अर्धी उघडायची, मनगट एकदा हलायचं, की झालं. मला पुस्तकांची सवय असल्यामुळे हा प्रकार अडाणी वाटे. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "चाखल्याशिवाय कळतं कसं तुम्हाला?"

"पोराला ताप आला का न्हाई, त्ये काय चावून बगत्यात व्हय, भाऊसाहेब?"



मी तेव्हा पिंपरीजवळ नव्यानं उभ्या राहणाऱ्या एका कारखान्याच्या अतिथिगृहाचा व्यवस्थापक होतो. पदाचं नाव भारदस्त असलं तरी काम चादरी मोजण्याचं आणि डासांच्या तक्रारी ऐकण्याचं होतं. स्वातंत्र्य येऊन दहा वर्षंही झाली नव्हती. आजूबाजूला ज्वारीची रानं, मधूनच एखादी अर्धवट भिंत, आणि त्या भिंतीवर 'प्रगतिपथावर' अशी पाटी. यंत्रं बसवायला आलेले चार परदेशी तज्ज्ञ अतिथिगृहात राहत. त्यांचा स्वयंपाक हौसाबाई करत.

त्या जवळच्याच वस्तीतल्या. त्यांची जमीन कारखान्यात गेली तेव्हा घरटी एक नोकरी असं तोंडी ठरलं होतं. नवरा वारलेला, मुलगी खेडच्या बाजूला दिलेली, त्यामुळे घरातलं जे एक माणूस ते त्याच. नोकरी मिळाली ती रोजंदारीवर. मंजूर पदांच्या यादीत 'आचारी' होता, बाई नव्हती. त्यांना कायम करण्याची फाईल तीन वर्षं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हिंडत होती. रोज सकाळी हौसाबाई मला विचारत, "हलली का वो फाईल?" मी नाही म्हणालो की त्या म्हणत, "न्हाई तर न्हाई. आमची जमीन मातर एका दिसात हलली."

ही फाईल शेवटी हलली ती टर्कीमुळे.

आमचे प्रशासन अधिकारी देवस्थळीसाहेब हे समारंभांसाठी जन्मलेले गृहस्थ होते. पाण्याची टाकी धुवायची असली तरी ते फीत कापण्याची सोय आहे का, हे आधी पाहत. तज्ज्ञांपैकी एकाची पत्नी नाताळाला येणार असं कळल्यावर त्यांनी एका दिवसात ठरवलं की पाहुण्यांना त्यांच्या देशातल्यासारखं नाताळचं जेवण द्यायचं, म्हणजे टर्की, कोंबडीच्या तिप्पट मोठा पक्षी, पोटात सारण भरून अख्खा भाजलेला. पाहुण्यांनी ती मागितली नव्हती. त्यांना हौसाबाईंचं कोंबडीचं कालवण आवडत होतं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं होतं. पण कालवणाच्या समारंभाला अध्यक्ष लागत नाही.

लगेच टर्की समिती स्थापन झाली. साहेब अध्यक्ष, मी चिटणीस. साहेबांनी आजन्म मांसाहार केलेला नव्हता आणि मीही नाही. हौसाबाईंना बैठकीला बोलावलं होतं, पण दाराशी उभं राहण्यासाठी.

"हे जेवण उत्तम झालं," साहेब त्यांना म्हणाले, "की मी त्याच दिवशी तुमच्या फाईलवर सही करतो. नाही झालं, तर मात्र मला अनुभवी माणूस आणावा लागेल."

"अख्खं भाजायचं? तुकडं न्हाई करायचं?"

"अख्खं. त्यातच शोभा आहे."

बाहेर आल्यावर हौसाबाई म्हणाल्या, "शोभा खानार हायेत का मटन खानार?"

मुंबईहून टर्की पेटाऱ्यातून जिवंत आली आणि नाताळापर्यंतचे आठ दिवस आमच्या परसात राहिली. मी आयुष्यात इतका गर्विष्ठ पक्षी पाहिलेला नाही. कोणी जवळ गेलं की पिसं फुलवायची, छाती काढायची आणि घशातून एक निरर्थक आवाज काढत फेऱ्या मारायच्या. दुपारची माझी डुलकी त्या आवाजानं गेली. हौसाबाई दोन दिवस तिच्याकडे निरखून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "भाऊसाहेब, ह्यो समितीचा अध्यक्ष हाय. फकस्त ह्याला टाय न्हाई." त्या आठवड्यात मी हसलो तो तेवढाच.

कारण बाकी सगळं डोक्याला ताप होता. भाजायला भट्टी नव्हती. यंत्रशाळेनं डांबराच्या पिंपाची एक भट्टी करून दिली, तिला तापमापक, झडप आणि चकचकीत मूठ लावली. आत चाचणीसाठी ठेवलेला भोपळा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा निघाला. साहेबांनी अहवाल मागवला. हौसाबाईंनी अहवालाची वाट न बघता घरचं, लग्नकार्यातलं एक मोठं तांब्याचं पातेलं आणलं, परसात खड्डा खणून निखाऱ्यात बसवलं, झाकणावरही निखारे पसरले आणि दुसरा भोपळा आत ठेवला. तो खरपूस भाजला. मी साहेबांना तसं कळवलं तर ते म्हणाले, "पातेलं ठीक आहे, पण पाहुण्यांना भट्टी दाखवा."

मग कृतीचा कागद आला. नाताळाला येणाऱ्या त्या पाहुण्या बाईंनी पत्रातून पाठवलेला, इंग्रजीत, सोळा ओळींचा. साहेबांनी तो टंकलिखित करवून घेतला आणि प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन काढवला. स्वयंपाक कृतीबरहुकूम झाला याची खूण त्या चौकोनात मी करायची, शेवटी सही मी करायची. म्हणजे ज्यानं आयुष्यात अंडंसुद्धा उकडलं नव्हतं, त्यानं तीस वर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाईवर देखरेख ठेवायची. यातला विनोद मला कळत होता. पण कागद हातात आल्यावर मी तो फार गंभीरपणे वाचू लागलो, हेही खरं आहे. वाचता येणाऱ्याला वाटतं की वाचलं म्हणजे आलं.

नाताळ गुरुवारी होता. जेवण दुपारी एकला. सकाळी सहापासून हौसाबाई कामाला लागल्या होत्या. मी कागद घेऊन मागे.

"आता पोटात भरायचं सारण. पाव, कांदा, आणि ही एक पाल्याची जात दिलीय, ती आपल्याकडे मिळत नाही."

"कोथमीर घालते."

"कागदात कोथिंबीर नाही."

"कागदात वास न्हाई येत, भाऊसाहेब."

असं चार तास चाललं. साडेदहाला मी चिडून म्हणालो, "निदान आज तरी एकदा चव घ्या. तुमच्या फाईलचा प्रश्न आहे."

त्यांनी हातातलं काम थांबवलं. "ह्यो कुनाचा सन हाय?"

"त्यांच्या देवाचा."

"मंग त्यांच्या देवाच्या आदी म्या त्वांड लावू? आपल्या म्हसोबाचा निवद कुनी चाटून बगितला तर चालंल का तुमाला? देव त्यांचा असला म्हून काय झालं, देवच हाय न्हवं."

"मग मी काय करू? मी खात नाही, साहेबांचा गुरुवारचा उपास, तुम्ही चाखत नाही. अख्ख्या समितीत चव घ्यायला माणूस नाही!"

"मंग गप बसा," त्या म्हणाल्या. "म्या हाय."

बाराच्या सुमाराला टर्की पातेल्यातून निघाली. तांबूस, तुकतुकीत, कुठे फाटली नाही की करपली नाही. मला मांसाचा वास सहन होत नसे, पण त्या दिवशी मीसुद्धा दारात थबकलो. पातेल्यात उरलेल्या रसाचं दाट कालवण करायचं होतं. हौसाबाईंनी ते चुलीवर चढवलं आणि टर्की मोठ्या ताटात लावायला त्या पलीकडच्या खोलीत गेल्या. मी कागद पाहिला. चौदाव्या ओळीत लिहिलं होतं, कालवणात मीठ, दोन मोठे चमचे. पुढचा चौकोन मोकळा होता. त्यांना मीठ घालताना मी पाहिलं नव्हतं.

पलीकडच्या खोलीत जाऊन विचारायला दहा पावलंही लागली नसती. पण सकाळपासून प्रत्येक प्रश्नाला एक टोला खाल्ला होता आणि मला आणखी एक नको होता. मी बरणी उघडली, दोन मोठे चमचे भरून मीठ कालवणात घातलं, ढवळलं आणि चौकोनात खूण केली. खूण करताना मला समाधान वाटलं होतं, हे मला स्वच्छ आठवतं.

एक वाजता साहेबांचं भाषण झालं. दोन संस्कृतींचा संगम वगैरे. टर्की आली तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी स्वतःच्या हातानं प्रत्येकाच्या ताटात मांसावर कालवण ओतलं, भरपूर, शोभेसाठी. पाहुण्यांनी घास घेतले आणि काटे-चमचे खाली ठेवले. बाईंनी पाण्याचा पेला रिकामा केला, मग शेजारचाही. एक तज्ज्ञ म्हणाला, "फार वेगळं आहे." दुसरा खोकत होता.

साहेबांना उपासामुळे चव कळणार नव्हती, पण चेहरे कळले. त्यांनी हौसाबाईंना बोलावून घेतलं. त्या पदराला हात पुसत आल्या.

"मीठ किती घातलंत?"

"घालायचं तेवढंच, सायेब."

"चव घेतली होती?"

"न्हाई. देवाच्या सनाचं जेवान. म्या कसं उष्टं करू?"

"म्हणजे पाहुण्यांवर प्रयोग!" साहेब सगळ्यांसमोर कडाडले. "साधं मीठ कळत नाही आणि कायमची नोकरी पाहिजे!"

हौसाबाई एकदम टेबलाकडे गेल्या, कालवणाच्या भांड्यात बोट बुडवून त्यांनी जिभेला लावलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, वाट बघितल्यासारखं. माझ्या हातात सोळा खुणांचा कागद होता, मी त्याच्याकडे पाहू लागलो.

पाहुण्या बाई इंग्रजीत म्हणत होत्या की पक्षी अप्रतिम भाजलाय, त्यांच्या आईलाही असा कधी जमला नव्हता, कालवणाचं काय एवढं. साहेब ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. त्या खोलीत हौसाबाईंना हे मराठीत सांगू शकेल असा दुसरा माणूस मी होतो. मी तेही सांगितलं नाही.

स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुमी घातलंत न्हवं?"

मी मान हलवली.

"किती?"

"दोन मोठे चमचे."

"हां. दोनच." आणि त्या भांडी घासायला बसल्या.

दोन दिवस मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी सविस्तर निवेदन लिहिलं. मीठ मी घातलं, बाईंचा काही दोष नाही, सबब त्यांना कायम करावं. भाषा चांगली साधली होती. साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "तुमचा प्रामाणिकपणा स्तुत्य आहे. पण शेरा लिहून फाईल वर गेली. आता शेरा बदलायचा तर समितीवर प्रश्न येतील." निवेदन त्यांनी फाईलला जोडलं. महिन्याभरानं पुण्याहून एक अनुभवी आचारी आला. तो प्रत्येक पदार्थ तीनदा चाखत असे आणि त्याच्या हाताला कसलीच चव नव्हती.

हौसाबाई आपलं तांब्याचं पातेलं न्यायला आल्या, त्या दिवशी मी घाईघाईनं सांगितलं, "मी सगळं लिहून दिलं, हौसाबाई. चूक माझी आहे असं स्पष्ट लिहिलंय. सही केलीय."

त्यांनी पातेलं डोक्यावर घेतलं, चुंबळ नीट केली.

"कुनाला दिलं?"

"साहेबांना."

"त्या जेवनाऱ्यांनी वाचलं का?"

"नाही. ते... फाईलला आहे."

"माजं नाव घेतलं त्ये चारचौगांत, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "तुमी आपलं नाव घेतलं त्ये कागदावर. म्या तवा उबी हुते की. म्हनलं, बोलत्याल आता. लई येळ उबी हुते."

आणि त्या रानातल्या वाटेनं निघून गेल्या. पुढे त्यांनी भोसरीत कामगारांसाठी खानावळ घातली आणि ती चांगली चालली, असं कानावर आलं. त्या वारल्याचंही असंच कानावर आलं. मी एकदाही तिथे गेलो नाही. कारखान्यात माझ्या निरोपाच्या समारंभाला दोनशे माणसं होती, मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं, आणि मी व्यासपीठावर उभा राहून अतिथिगृहातल्या जुन्या दिवसांच्या गमती सांगितल्या. टर्कीच्या आवाजाची नक्कल केली. लोक खूप हसले. मिठाचं मी काही बोललो नाही.

आज सांगतो आहे. पण हेही कागदावरच.