भाऊजींचं नाक
तिकोणा पेठेत पर्यटकांसाठी आमचे तंबू असतात. माझे धाकटे दीर ते सांभाळायचे. एका पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं, तेव्हा त्यांनी खालच्या घळीत राफ्टिंग सुरू करायचं ठरवलं. उत्तराखंडकडचा एक गाईड बोलावला. पाहुणे आणण्याआधी घरच्यांनीच एकदा उतरून बघायचं होतं.

"वहिनी, तुमाला पवता येतंय. चला की," भाऊजी म्हणाले. माझं माहेर भाजे, इंद्रायणीच्या जवळचं. पोहणं अंगवळणी पडलेलं. त्यांना स्वतःला जेमतेम यायचं. तंबूंवर काम करणारे दोघंही आमच्याबरोबर बसले. माझा नवरा खाली, घळ संपते तिथं काठावर दोर घेऊन थांबला.

आत शिरलो तर पाण्याच्या आवाजानं घळ दणाणत होती. दोन्ही बाजूंना काळा कातळ, मधून गढूळ लोंढा, कातळावर आपटून उलटा अंगावर येणारा. "और जोर से!" गाईड ओरडत होता. मी वल्हं मारत होते, पण पाणी ते हातातून हिसकावून घेत होतं. वळणावर राफ्ट कातळाला धडकली, उभी राहिली आणि आम्ही सगळे पाण्यात.

पाण्यानं मला तळाशी नेऊन गुडघ्यावर आपटलं. वर आले तर गाईड आणि ते दोघं उलट्या राफ्टला लटकून पुढं जाताना दिसले. तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या खांद्यांवर चढलं. भाऊजी! त्यांनी माझं हेल्मेट दोन्ही हातांनी धरून मला खाली दाबलं.

"सोडा, भाऊजी!" एवढंच ओरडता आलं. मग नाकातोंडात पाणी. धडपडून वळले तेव्हा त्यांचे डोळे दिसले. त्यांनी मला ओळखलंच नव्हतं. हेल्मेटचा पट्टा गळ्यात रुतत होता. ते पुन्हा वर चढले.

मग मी मारलं. मूठ वळून, सरळ नाकावर. हात सुटेनात, म्हणून पुन्हा मारलं, आणखी जोरात. हाड मोडलेलं बोटांना कळलं. भीती कुठल्या कुठे गेली होती. उरला होता नुसता संताप.

त्यांची पकड सुटली. ते वाहून जायला लागले तशी मी मागून त्यांच्या लाइफ जॅकेटची पट्टी पकडली. "पाय पुढं करा! मला धरू नका!" त्यांच्या नाकातलं रक्त पाण्याबरोबर माझ्या तोंडात येत होतं. नवऱ्यानं फेकलेला दोर पहिल्यांदा हुकला, दुसऱ्यांदा हाताला लागला. दोघंही दगडांवरून खरचटत काठावर आलो. गाईड आणि ते दोघं राफ्टसकट आधीच खाली काठाला लागले होते.

डॉक्टरकडून घरी परतलो तर सासूबाई दारातच. "नाकाला काय झालं रं?"

"दगुड लागला," नवरा घाईनं म्हणाला.

"दगुड न्हाई. वहिनींनी मारलं," भाऊजी म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"मी त्यांना बुडवत व्हतो, आई. त्यांनी मारलं नसतं तर दोगंबी गेलो असतो."

सासूबाईंनी सहाण काढली. आंबेहळद उगाळली आणि माझी सुजलेली बोटं हातात घेऊन त्यांना लावली.

राफ्ट भाऊजींनी विकून टाकली. उन्हाळ्यात मात्र मला म्हणाले, नीट पोहायला शिकवा. धरणाच्या संथ पाण्यात आम्ही उतरायचो, नवरा काठावर बसायचा. पाणी छातीला लागलं की भाऊजींचा हात आपोआप माझ्या खांद्याकडे यायचा, आणि माझीही मूठ नकळत वळायची.